कोरल रुसलंय की आजारी आहे? वाचकांचे टँक, वाचकांचे प्रश्न

यावेळच्या टपालात अन् व्हॉट्सॲपवर मासे जवळपास नाहीतच, सगळी मऊ कोरल्स, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली समुद्रातली प्रवाळं. लेदर, झेनिया, झोआ, मशरूम. समुद्र गाठायचा तर आपल्याला विदर्भातून रात्रभर ट्रेनमध्ये बसावं लागतं, तरी तालुक्या-तालुक्यात कोणी ना कोणी खारा टँक मांडून बसलंय हे पाहून मजा वाटली. पण एक गोष्ट जवळपास सगळ्याच पत्रांत सारखी आहे, कोरल मिटलं की पहिला प्रश्न "औषध कोणतं टाकू". पाणी कुठलं, टेम्परेचर किती, टँकात हात कोणी घातला होता, हे कोणी सांगतच नाही, मला उलटा फोन करून विचारावं लागलं. तेव्हा माझ्या उत्तरात औषध फार कमी सापडेल, आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: भाऊ, माह्या टँकात छत्रीवालं मोठं लेदर कोरल हाय. आठ-दहा दिवसापासून एकदम बंद होऊन बसलं, वरून मेण लावल्यावानी चकाकते, एक बी पॉलिप बाहेर येऊन नाही रायला. बाकी मासे, मशरूम सारे बरे हायत. दुकानदार म्हणते मेलं ते, काढून फेका. काय करू?
— वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: फेकू नका बाप्पा, थांबा जरा. साप कात टाकतो तसं हे लेदर, म्हणजे सार्कोफायटॉन, मधूनमधून अंगावरचा पातळ मेणकट थर सोडतं. अंगावर बसलेलं शेवाळ, कचरा, बॅक्टेरिया सगळं त्याच्यासोबत निघून जातं अन् हे चालू असेपर्यंत पॉलिप, म्हणजे कोरलची बारीक फुलासारखी तोंडं, आतच राहतात. कधी चार दिवसांत उरकतं, कधी दोन-तीन आठवडे घेतं. रात्री लाईट बंद झाल्यावर टॉर्च मारून छत्रीच्या काठाला बघा. पापुद्रा सुटलेला दिसेल, एका बाजूनं चिकटलेला अन् दुसऱ्या बाजूनं पाण्यात हलणारा, त्याच्याखालची चामडी ताजी, जराशी फिकी पण घट्ट. असं दिसलं की काळजी संपली.

तुमचं काम एवढंच की पाणी त्याच्यावरून वाहतं ठेवा. वेव्हमेकरची, म्हणजे टँकात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाची, दिशा थोडी बदला म्हणजे प्रवाह छत्रीवरून जाईल, पण थेट तोंडावर धार मारू नका. पापुद्रा अडकून बसला असेल तर जनावरांच्या दवाखान्यात मिळते तशी मोठी सिरिंज घ्या, नवीन घ्या, सुई न लावता, अन् टँकाचंच पाणी भरून हलकं फवारा. नखानं खरवडायचं नाही. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ताजा टाका, कारण लेदर टर्पीन नावाची रसायनं पाण्यात सोडतं, शेजारच्यांना दूर ठेवायला, अन् लहान टँकात त्याचा त्रास सगळ्यांना होतो. तीन-चार आठवड्यांनी कार्बन बदलत जा.

आता खराब लक्षणं कोणती तेही सांगतो. देठ पिचपिचीत झाला, तपकिरी-काळा डाग पडून रोज मोठा होतोय, भोक पडलं, कोरल बुडातून कलंडलं अन् बाहेर काढल्यावर सडका वास आला, तर मग ती कात नाही, सड आहे. तेव्हा थांबायचं नाही. हातमोजे घाला, डोळ्यावर चष्मा, कोरल टँकाबाहेर वेगळ्या भांड्यात त्याच टँकाच्या पाण्यात घ्या, नव्या ब्लेडनं सडका भाग कापा, चांगल्या मांसातला बोटाच्या पेराएवढा भागही सोबत जाऊ द्या. मग कोरलसाठी मिळणाऱ्या आयोडीनच्या डिपमध्ये बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ बुडवा अन् ते पाणी फेकून द्या, टँकात परत ओतू नका. कापलेला तुकडा दगडावर सुपरग्लूनं चिकटत नाही, अंगचा चिकटा ग्लूला धरूच देत नाही. लसणाच्या प्लास्टिक जाळीचा तुकडा वरून सैल बांधा, आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप धरतं. मच्छरदाणी कापून वापरू नका हां, सरकारी वाटपाच्या बऱ्याच मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेलं असतं.

प्रश्न: मे महिन्यात कूलर आणि पंखा लावून माझा १०० लिटरचा टँक २७ डिग्रीवर राहिला, झेनिया मस्त धडधडत होती. पाऊस लागला, गारवा आला, मी निश्चिंत झालो आणि जुलैत दोन दिवसांत सगळी झेनिया वितळून गेली. ४४ डिग्रीत वाचली आणि पावसाळ्यात मेली, असं कसं होऊ शकतं?
— वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर: या अंकातली सगळ्यात चांगली चिठ्ठी तुमची, कारण इकडच्या निम्म्या टँकांचा घात असाच होतो अन् लोक उन्हाळ्याला शिव्या देत बसतात. पंखा टँक थंड करतो ते वारा गार असतो म्हणून नाही, पाणी उडतं म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ झाली की १०० लिटरच्या टँकातून पावणेसहा डिग्रीची गरमी जाते, हा कागदावरचा हिशोब, प्रत्यक्षात खोली, पंप अन् लाईट तेवढीच गरमी परत देत राहतात म्हणून दिवसाला तीन लिटर उडूनही टँक जागच्या जागी दिसतो.

आता मे महिन्यात तुमच्याकडे बाहेर ४३-४४ असते पण हवा कोरडी ठणठणीत, आर्द्रता समजा १५ टक्के. अशा हवेत ओलं फडकं वाऱ्यात धरलं तर ते २२-२३ डिग्रीपर्यंत उतरतं. जुलैत बाहेर ३२ असते, अंगाला बरं वाटते, पण आर्द्रता ८० टक्के अन् तेच फडकं २९ च्या खाली जायला तयार नाही. फडकं जिथं थांबलं त्याच्या खाली जगातला कोणताच पंखा तुमचं पाणी नेऊ शकत नाही, उलट पंप-लाईटची गरमी धरून टँक त्याच्या एक-दोन डिग्री वरच राहणार. म्हणजे तुमचा टँक जुलैत ३०-३१ वर होता. तुम्ही थर्मामीटर बघणं सोडलं होतं असं फोनवर तुम्हीच म्हणालात.

हे घरी करून बघता येतं. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा अन् पंख्यासमोर दहा मिनिटं धरा, जो आकडा येईल तो त्या दिवशीचा तुमच्या पंख्याचा तळ. तो २५ असेल तर पंखा पुरे, २८ आला तर पंख्याच्या भरवशावर राहू नका.

कूलरचंही बरेच जण विचारतात. कूलर खिडकीत बसवलाय, बाहेरची कोरडी हवा ओढतोय अन् समोरचं दार उघडं आहे तर चांगलंच आहे, खोली उतरते अन् टँकावरचं ओझं कमी होतं. पण दार-खिडकी लावून खोलीतच कूलर फिरवत बसलात तर तासाभरात खोली दमट, मग माणसाला चिकचिक अन् टँकाचं उडणंही बंद.

कोरलला गरमी एवढी का बाधते, तर त्याच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं बारीक शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं अन् कोरल बऱ्याच अंशी त्याच्यावरच जगतं. पाणी गरम राहिलं की दोघांचं जमत नाही, कोरल त्या शैवालाला बाहेर काढतं अन् पांढरं पडतं. समुद्रात नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा एक डिग्री जास्त काही आठवडे राहिली तरी हे होतं, लक्षद्वीपला १९९८, २०१० अन् २०१६ मध्ये असंच मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग झालं. झेनिया तर पांढरी पडायचीही वाट बघत नाही. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्या पाण्यात २५ डिग्रीला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास अन् ३१ ला सहाच्या थोडा वर, आणि पावसाळ्यात लाईन किती वेळा जाते ते तुम्हाला मी काय सांगू. लाईन गेली, वेव्हमेकर थांबला, गरम पाणी थबकलं, रात्रीची वेळ, मग काय राहिलं.

तर करायचं काय. बॅटरीवर चालणारा एअर पंप आजच घ्या, पॉवरबँकवर चालणाराही चालतो, कोरलच्या औषधाआधी तो घ्या. टँकाचं काचेचं झाकण काढून त्याजागी जाळी लावा. लाईटची वेळ दुपारची असेल तर सरकवून संध्याकाळी ६ ते रात्री १ करा, कोरलला घड्याळ कळत नाही. बर्फाची बाटली टाकायची तर छोटी, एकावेळी एकच, अन् तासाला अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त उतरू देऊ नका, खाली-वर खाली-वर झालेलं टेम्परेचर एकसारख्या २८ पेक्षा वाईट. आणि खरं सांगायचं तर जुलै ते ऑक्टोबर झेनिया ठेवायचीच असेल तर चिलर (टँकाचं पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीला एसी, तिसरा इलाज नाही. बजेट नसेल तर मशरूम, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप यांच्यावर या, ती बरंच सोसतात. वितळलेली झेनिया सायफननं ताबडतोब ओढून घ्या, तिचा अमोनिया बाकीच्यांना मारेल.

प्रश्न: आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. मित्र म्हणतो समुद्राचं मीठ महाग पडतं, याच पाण्यात थोडं मीठ घाल आणि चालव. मी तसंच केलं, दोन महिने झाले, मशरूम आकसून मुगाच्या दाण्याएवढे झालेत. पाण्यात नेमकं काय कमी आहे?
— वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: कमी नाही भाऊ, जास्त आहे, अन् जे नको तेच जास्त आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा या पट्ट्यातलं भूजल खारं आहे हे खरं, टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, काही हजारांत जातो, पण समुद्रात तो ३५ हजार असतो अन् मुख्य म्हणजे त्याची भट्टी वेगळी असते. समुद्राच्या एका लिटरमध्ये मोटामोटी १९ ग्रॅम क्लोराईड, पावणेअकरा ग्रॅम सोडियम, पावणेतीन ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, अन् कॅल्शियम आणि पोटॅशियम ०.४ ग्रॅमच्या आसपास असतं. कोरलचं शरीर या प्रमाणावर बेतलेलं आहे. तुमच्या बोअरमध्ये हे प्रमाण कुठेच जुळत नाही, बायकार्बोनेट भलतंच जास्त, शेतातल्या खतामुळे नायट्रेटही असू शकतं, अन् वरून तुम्ही घातलेलं खाण्याचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराईड. जिभेला खारट लागलं म्हणून समुद्र होत नाही. (मागे एकानं लोणारचं पाणी आणू का असं विचारलं होतं. त्याचा पीएच दहाच्या आसपास असतो, टँकाला हवा ८.१ ते ८.४, आणि ते अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नसतं.)

मग पाणी कोणतं? आरओचं, तेही टीडीएस शून्याजवळ. गावातल्या प्लँटवरचं २० लिटरचं कॅन चालेल का हा पुढचा प्रश्न येणारच. त्याचा टीडीएस मीटरनं मोजा, मीटर फार महाग नसतो. ते पाणी पिण्यासाठी असतं म्हणून चवीपुरते क्षार त्यात मुद्दाम ठेवलेले असतात, ५० ते १०० आकडा दिसेल. कोरलसाठी त्याच्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची) नळी लावावी लागते, मग आकडा शून्यावर येतो. रेझिनचा रंग बदलला की बदलायचं. घरचा आरओ वापरणार असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करा अन् एक गोष्ट आवर्जून बघा, आजकाल तांबं सोडणारे आरओ फार खपतात, माणसाला चांगलं म्हणून. मऊ कोरल, झिंगे, गोगलगाय यांना तांबं म्हणजे विषच. ती कार्ट्रिज काढल्याशिवाय एक थेंब घेऊ नका, अन् पाणी साठवायला तांब्याचा हंडा तर नाहीच नाही, प्लास्टिकचा ड्रम घ्या.

तुमच्या मशरूमसाठी, एकदम सगळं पाणी बदलू नका. शून्य टीडीएसच्या पाण्यात रीफ सॉल्ट, म्हणजे टँकासाठी मिळणारं समुद्राचं तयार मीठ, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या हिशोबानं घोळा, रात्रभर पंपानं फिरवा, मग दर तीन-चार दिवसांनी पंधरा टक्के बदला. मशरूम चिवट असतात, मुगाएवढा उरलेलाही परत फुगतो. रीफ सॉल्ट महाग आहे हे मान्यच, त्यात जुगाड नाही, परवडत नसेल तर टँक लहान करा.

प्रश्न: कालपर्यंत सगळं उघडं होतं, आज सकाळी लेदर, झोआ, केनिया ट्री सगळे एकदम बंद आणि दोन्ही झिंगे उलटे पडलेले. मासे मात्र खेळतायत. नायट्रेट, अमोनिया तपासलं, सगळं ठीक. रोग आला का?
— वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर: रोग एका रात्रीत सगळ्या जातींना मिळून लागत नाही. झिंगे मेले, कोरल मिटले अन् मासे ठणठणीत, हे ऐकलं की मी आधी तांबं अन् कीटकनाशक धरतो. तुम्हाला फोन लावला तेव्हा कळलं की आदल्या दिवशी संत्र्याच्या झाडांना बोर्डो मलम लावलं होतं अन् संध्याकाळी टँकात पाणी भरायला जी बादली घेतली ती "धुतलेली होती". भाऊ, बोर्डो म्हणजे मोरचूद अन् चुना, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. माशांच्या औषधातही तांबं वापरतात म्हणून मासे थोडं सहन करतात, झिंग्याला त्याच्या कितीतरी कमीत संपवतं.

आता लगेच करायचं ते असं. पहिले ३० ते ४० टक्के पाणी बदला, मीठ अन् टेम्परेचर जुळवूनच. ॲक्टिव्हेटेड कार्बन नवा घाला, तांबं ओढून घेणारा पॅड मिळतो तो मिळाला तर उत्तम. दोन दिवसांनी परत २५ टक्के. कॉपरची टेस्ट किट मागवा, तिच्यात थोडाही रंग दिसला तर पाणी बदलणं चालू ठेवा. झिंगे आता महिनाभर आणू नका, आणलेच तर एकच, स्वस्तातला.

अन् सगळ्यांसाठी, कपाशीवाले, सोयाबीनवाले, संत्रावाले सगळे. फवारणीचे कपडे घालून टँकाच्या खोलीत जायचं नाही, हात साबणानं धुतले तरी त्या दिवशी टँकात घालायचे नाहीत, हातमोजा लांब बाह्यांचा ठेवा. टँकाची बादली, मग, नळी वेगळी, तिच्यावर रंगानं खूण करा, घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. डासांचा स्प्रे मारायचा असेल तर टँकावर कापड टाकून एअर पंप बंद करा, एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. त्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड गटातली औषधं झिंग्याला फार थोड्या प्रमाणात मारतात. गावात धूर फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा.

प्रश्न: झोआंच्या दगडावर शेवाळ आणि घाण बसलीये, झोआ महिनाभर नीट उघडत नाहीत. दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करू का?
— वाचक, भंडारा

उत्तर: अजिबात नाही, अन् हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. झोआ अन् त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. दगड उकळला, गरम पाणी ओतलं, ब्रशनं घासला तर ते वाफेतून-तुषारांतून श्वासात जातं, डोळ्यात जातं, अन् असं करून अख्खं कुटुंब दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदवलेल्या आहेत. हाताला कापलेलं असताना झोआ हाताळू नका, हातमोजे अन् चष्मा घाला, नंतर हात धुवा, लहान पोरांना लांब ठेवा. काही लागलं, श्वास घ्यायला त्रास झाला, तोंडाला धातूची चव आली तर तडक डॉक्टरकडे, अन् सांगताना पॅलिटॉक्सिन हा शब्द लिहून न्या.

झोआ न उघडण्याचं कारण शोधायचं तर रात्री टँकाची लाईट बंद झाल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन बसा, लाल कागद लावलेली टॉर्च असेल तर आणखी बरं. झोआ खाणारे नुडिब्रांक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) झोआच्याच रंगाचे होतात, दिवसा दिसतच नाहीत. गोल, चपट्या, सापशिडीच्या सोंगटीएवढ्या नक्षीदार शंखाची गोगलगायही झोआ खाते. सापडलं की चिमट्यानं काढा, मग कोरल डिप, तेही अंडी राहतात म्हणून आठवड्यानं परत. शेवाळ मऊ टूथब्रशनं पाण्याखालीच, हळू, झोआला न लावता.

प्रश्न: मी फार काळजी घेतो. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, नवी एलईडी लाईट पण चांगल्यातली लावली. तरी सगळी कोरल्स पांढुरकी होऊन आकसत चाललीत. अजून काय स्वच्छ करू?
— वाचक, गोंदिया

उत्तर: काळजी थोडी कमी करा सर! मऊ कोरलला थोडं मळकं पाणी आवडतं. शून्य-शून्य म्हणजे उपाशी. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) अन् फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या दरम्यान असू द्या. फॉस्फेट ओढणारा जीएफओ काढून ठेवा, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) रात्रीचाच चालवा, माशांना अर्धी चिमूट जास्त टाका. आठवड्यातून दोनदा मोजा, एकदम उडी नको, नाहीतर शेवाळ येईल अन् मला शिव्या द्याल.

लाईटचं म्हणाल तर नवी एलईडी पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर ठेवलीत ना? मऊ कोरलला ५० ते १५० पार (PAR, कोरलच्या शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरे, मशरूमला त्याहून कमी, ते तर दगडाच्या सावलीत जास्त खुश असतात. ४० टक्क्यांवर आणा अन् तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवा. ओळखायचं सोपं आहे, उजेड जास्त झाला की कोरल फिकं होऊन दबून बसतं, कमी पडला की लांब मान करून वर ताणतं अन् तपकिरी पडतं.

प्रश्न: पाणी उडतं तेवढं मिठाचं पाणी रोज भरते, तीन लिटर लागतं. खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर १.०२५ दाखवतो, पण ग्रीन स्टार पॉलिप महिन्यापासून बाहेर आले नाहीत.
— एक ताई, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकातच राहतं. रोज तीन लिटर खारं पाणी म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम मीठ, दहा दिवसांत किलोभर. १०० लिटरचा टँक असेल तर ३५ वरून ४५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ). उडालेल्याची भरपाई नेहमी गोड्या आरओ पाण्यानं. हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटला तरी खोटं बोलतो, उजेड किती वळतो त्यावरून मीठ मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तोही तपासायचा असतो, सोनाराच्या बारीक काट्यावर ३६.५ ग्रॅम मीठ तोला, ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा, या पाण्याला त्यानं ३५ दाखवलं पाहिजे, नसेल तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा. हे पाणी फक्त तपासायला, टँकात नाही. अन् आता मीठ उतरवताना दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त नको.

प्रश्न: ओळखीचा एकजण रामेश्वरहून खरा कोरलचा दगड आणून देतो म्हणतो. घेऊ का?
— वाचक, वाशिम

उत्तर: नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत २००१ पासून दगडी कोरल्स, समुद्रपंखे, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल अन् फायर कोरल आहेत, तो दगड म्हणजे दगडी कोरलचा सांगाडाच. मऊ कोरल घेतानाही पक्कं बिल घ्या, फ्रॅग, म्हणजे कापून वाढवलेला कोरलचा तुकडा, कुठं वाढवला ते विचारा. दगड सिरॅमिकचा नाहीतर सिमेंटचा मिळतो, सिमेंटचा असेल तर पीएच वर जाणं थांबेपर्यंत गोड्या पाण्यात मुरवा, पाणी बदलत राहा.

फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांना: निळ्या लाईटमध्ये काढलेल्या फोटोत मला फक्त जांभळं धुकं दिसतं. निळा चॅनल बंद करून पांढऱ्यावर काढा, वेव्हमेकर मिनिटभर थांबवा, एक फोटो कोरलच्या देठाचा, एक वरून, एक अख्ख्या टँकाचा. सोबत सकाळचं अन् दुपारी तीनचं टेम्परेचर, मिठाचा आकडा, पाणी बोअरचं की कॅनचं की घरच्या आरओचं, अन् आठवडाभरात घरात-शेतात काय फवारलं ते लिहा. देव्हाऱ्यासमोर टँक ठेवलेल्या चिखलीच्या वाचकांनी अगरबत्तीच्या धुरानं कोरल मिटतं का असं विचारलंय, त्यांनी टँक ते देव्हारा अंतर अन् एअर पंपाची जागा कळवावी, मग पुढच्या अंकात बघू.